बंडकऱ्याच्या जागी बाई



कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसावे, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव ही स्टेशने मागे टाकावीत आणि आटगावला उतरावे, म्हणजे माहुलीचे सुळके नजरेत भरतात. दुसऱ्या अंगाला मुरबाडची राने, त्यापुढे माळशेज आणि घाटमाथ्यावर अकोल्याचा डोंगरी प्रदेश. हा सारा बंडकऱ्यांचा मुलूख. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे याच डोंगरांच्या आश्रयाने इंग्रजी अंमलाशी आणि सावकारीशी झुंजले आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. शंभर-पावणेदोनशे वर्षे लोटली, तरी त्यांचे नाव घेतले की इकडचा म्हातारा माणूस सावरून बसतो.

बंडकऱ्याची कथा कोठलीही घ्या, तिचा साचा ठरलेला असतो. प्रथम अन्याय, मग रानाचा रस्ता. मग श्रीमंताला लुटून गरिबाला वाटणे. पुढे घरभेद्याचा दगा आणि शेवटी फास. निमाड-खानदेशच्या तंट्या भिल्लाला १८८९ साली जबलपुरास फाशी झाली. त्याला मानलेल्या बहिणीच्या नवऱ्याने दगा दिला, असे सांगतात. इंग्रजांचा रॉबिन हुड तर आपल्यापैकी पुष्कळांना शाळेच्या पुस्तकातच भेटला असेल. त्याचेही चरित्र याच वळणाचे.

आता या कथांत बाई कोठे असते, ते पाहू. ती बंडकऱ्याची आई असते. मुलाचा ठावठिकाणा सांगावा म्हणून शिपाई तिचा छळ करतात. ती बायको असते. रात्री चोरून भाकरी पोचविते. ती बहीण असते; तिच्या राखीच्या धाग्यावरून शत्रू आत शिरतो. रॉबिन हुडच्या सर्वांत जुन्या पोवाड्यांत मॅरियन हे पात्रच नाही. ती मागाहून आली. सतराव्या शतकातल्या एका पोवाड्यात मात्र ती हाती शस्त्र घेते आणि खुद्द रॉबिनशी लढते, पण केव्हा? पुरुषाचा पोशाख चढविल्यावर! म्हणजे कथेत शिरायचे तर बाईने बाईपण दाराबाहेर ठेवून यावे, असाच तो करार.

तेव्हा सहज मनात येते, की बंडकऱ्याच्या जागी एक बाई उभी केली, आणि तिला मिशा लावल्या नाहीत, तर ती कथा कशी होईल? याचे उत्तर कल्पनेने द्यायला नको. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याने ती कथा प्रत्यक्ष पाहिली आहे. तिची नायिका गोदावरीबाई परुळेकर.

गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या गोखल्यांच्या घरातल्या. जन्म १९०७ सालचा. वडील नामांकित वकील. बाईंनी स्वतः कायद्याची पदवी घेतली, तेव्हा बाईमाणसाने कायदा शिकणे हेच नवल होते. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी स्थापिलेल्या भारत सेवक समाजात त्यांनी काम केले; नंतर शामराव परुळेकरांशी विवाह करून दोघेही कम्युनिस्ट पक्षात आणि किसान सभेत गेली. बंडकरी बहुधा कायदा न कळणारा असतो, म्हणून तो कायद्याबाहेर जातो अशी आपली समजूत. येथे कायदा शिकून आलेली बाईच पुढे सरकारच्या लेखी हद्दीबाहेर घालविण्याजोगी ठरली.

या कथेचा पहिला अंक आपल्याच रुळावर घडला. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. आटगावहून ते चौथे स्टेशन. तेथे उंबरगाव तालुक्यातून थोडे वारली आले होते. त्यांत माह्या धांगडा होता. त्यांनी आपल्याकडच्या वेठबिगारीची हकिकत तेथे सांगितली आणि परुळेकर दांपत्याची पावले उंबरगाव-डहाणूकडे वळली.

तेथे काय होते? एक वेठ होती. मालकाने बोलाविले की आपले शेत टाकून फुकट राबायचे. दुसरा प्रकार लग्नगड्याचा. वारली तरुणाने लग्नापुरते शे-दोनशे रुपये मालकाकडून उचलायचे आणि त्या कर्जापोटी त्याच्या घरी गडी म्हणून राहायचे. व्याजाचा हिशेब मालकाच्या वहीत, आणि वही वाचता येणार मालकालाच. त्यामुळे कर्ज आयुष्यभर फिटत नसे. लक्षात घ्या, एकटा नवराच गडी होत नसे. बायकोही त्याच घरी राबे. ज्या हळदीने ती नवरी झाली, त्याच हळदीने ती बांधली गेली. मालकाचा हात तिच्या अब्रूपर्यंत पोचे, हेही गोदावरीबाईंनी लिहून ठेवले आहे.

या ठिकाणी जुन्या साच्याची उणीव उघडी पडते. बंडकऱ्याच्या कथेत बाई चुलीपाशी असते, आणि चूल ही तेवढी सुरक्षित जागा असे आपण धरून चालतो. पण लग्नगड्याच्या घरात चूल हीच अन्यायाची जागा होती. तिजोरी फोडून, सावकाराचे नाक कापून तो अन्याय निघण्यासारखा नव्हता. राघोजींच्या वेळी सावकारांची नाके कापली गेली. पुढच्या पिढीत नाक शाबूत असलेले दुसरे सावकार आले. लुटीचे पैसे वाटले, तर ते पुढच्या लग्नापर्यंत पुरणार. खरी गरज होती ती वेठ नाकारण्याची, आणि ती सगळ्यांनी एकाच दिवशी नाकारण्याची.

मे १९४५ मध्ये झरी गावी वारल्यांची परिषद भरली. हजारोंनी लोक आले. तेथे ठरले ते असे : वेठ करायची नाही, रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय मालकाच्या खाजगी जमिनीवर कामाला जायचे नाही, मारझोड सोसायची नाही, सगळ्यांनी एक राहायचे. पुढे थोड्याच काळात उंबरगाव तालुक्यात वेठ बंद पडली, लग्नगडी मोकळे होऊ लागले. लोक बाईंना ‘गोदाराणी’ म्हणू लागले. एका तऱ्हेने दंतकथा सुरू झाली.

श्रोतेहो, दंतकथेला किंमत पडते, आणि ती नेहमी नायकच देतो असे नाही. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता गवतकापणीचा संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. संप मोडावा कसा, हा मालकांपुढे प्रश्न. अशा वेळी वारल्यांत अफवा पसरली, की तलवाड्याला बाईंची सभा आहे आणि त्यांच्या जिवावर गुंड टपले आहेत, तेव्हा हत्यारे घेऊन या. ही अफवा जमीनदारांच्या माणसांनीच पसरविली आणि दुसरीकडे दंग्याची वर्दी दिली, असे किसान सभेचे म्हणणे. आपल्या राणीचा जीव वाचवायला माणसे धावली, आणि बाई तर तेथे नव्हत्याच. १० ऑक्टोबर १९४५ रोजी त्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे, असे पाच आदिवासी ठार झाले.

या प्रसंगावर थांबून विचार करण्यासारखे आहे. ज्या नावाने माणसे उठली, तेच नाव पुढे करून त्यांना मरणाच्या तोंडी नेता आले. दूर पुण्याहून आलेली शिकलेली बाई आपली तारणहार, असे एकदा मनाने घेतले की आपला निर्णय तिच्या नावावर टांगला जातो. रॉबिन हुडच्या कथेत हा धोका कधी दिसत नाही, कारण तेथे रॉबिन सगळीकडे वेळेवर पोचतो! चळवळीत मात्र कोणीही सगळीकडे पोचू शकत नाही.

आणि तलवाड्यानंतर काय झाले? जुन्या साच्याप्रमाणे कथा येथे संपायला हवी होती. पण संप चालू राहिला. पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, जंगलतोडीच्या कामाचा संप झाला. त्या लढ्याच्या काळात परुळेकरांवर जिल्हाबंदीचे हुकूम निघाले; म्हणजे नायिका हद्दीबाहेर. तरी संप टिकला आणि दिवसाला सव्वा रुपया मजुरी लाकूड व्यापाऱ्यांना मान्य करावी लागली. माझ्या मते या कथेतला मोठा क्षण झरीचा नव्हे, हा आहे. राणी जवळ नसताना प्रजा उभी राहिली, आणि राणी-प्रजा हे शब्दच तेथे चुकीचे ठरले. बंडकऱ्याच्या कथेच्या शेवटी फास असतो. या कथेच्या शेवटी मजुरीचा दर आहे. दर हा शब्द पोवाड्यात चांगला बसत नाही, हे मला मान्य आहे. पण पोर भुकेले न झोपावे यासाठी पोवाड्याहून दरच उपयोगी.

बाईंनी स्वतः पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिले आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शीर्षकात ‘बाई’ नाही, ‘राणी’ नाही, ‘माणूस’ आहे, हे ध्यानी घेण्यासारखे. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्या वारल्या. तलवाड्याच्या स्मृतिदिनाला दोन दिवस बाकी होते.

कायद्याचे काय झाले, तेही सांगतो. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा संसदेने १९७६ साली केला. झरीला वारल्यांनी जे तोंडाने ठरविले होते, ते कागदावर यायला एकतीस वर्षे लागली. उंबरगावचा काही भाग १९६० मध्ये गुजरातेत गेला, उरलेला २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तेव्हा ही कथा आता नकाशावर आपल्या जिल्ह्याची राहिलेली नाही. पण ती परकी म्हणून सोडून देऊ नका. दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतून कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जायला निघतात. कित्येकांनी पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. कोणी आजारासाठी, कोणी लग्नासाठी. उचलीचा हिशेब कोणाच्या वहीत असतो, हे आपण सारे जाणतो.

राघोजींना आपण नमस्कार करावाच. पण पुढची कथा सांगताना नायक घोड्यावरून येईल म्हणून घाटाकडे डोळे लावून बसू नये. भट्टीवर निघालेल्या बाईला एवढेच विचारावे, की तुझ्या उचलीचा आकडा किती, तो कोणी लिहिला, आणि तो तुला वाचता येतो का. तिला वाचता येत नसेल, तर आपल्यापैकी कोणी तिच्याशेजारी बसून तो वाचावा. टिटवाळ्याच्या परिषदेनंतरही पहिले पाऊल याहून मोठे नव्हते.