वैनगंगेकाठची ख्रिस्ती ओळख आणि श्रद्धेतला विसावा

चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा हे तालुक्याचे गाव मूल आणि गोंडपिपरी यांच्या दरम्यानच्या भातशेतीच्या व जंगलाच्या पट्ट्यात वसले असून, तालुक्याच्या पूर्वेकडून वाहणारी वैनगंगा या भागाला पलीकडच्या चामोर्शीपासून वेगळे करते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत नदीचे दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते. त्या जिल्ह्याचे जुने नाव चांदा, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर तो इंग्रजी अमलाखाली आला. या मुलखात माणसाला आपली ओळख शोधावी लागत नसे, ती त्याला जन्मासोबतच मिळत असे. गोंड समाजात सगा, म्हणजे ठरावीक संख्येच्या देवांना मानणाऱ्या कुळांचा समूह, हीच माणसाची पहिली ओळख असते; चार, पाच, सहा किंवा सात देवांपैकी आपण कोणाचे हे ठाऊक असले की सोयरीक कोठे होऊ शकते आणि कोठे नाही हे कळते. शेजारच्या कुणबी, माळी, महार, ढिवर या समाजांतही जात, कूळ आणि गाव या तिहींनी तेच काम केले होते.

अशा प्रदेशात ख्रिस्ती धर्म आला तेव्हा त्याने केवळ नवा देव सांगितला असे नाही, तर प्रत्येक माणसाने आपण कोणाचे आहोत हे स्वतः ठरवावे अशी मागणीही केली. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये नागपुरात मिशनचे काम सुरू केले. शाळा, प्रवचने आणि भूगर्भाचा अभ्यास यांबरोबरच त्यांनी गोंडांच्या कथा व गीतेही गोळा केली, आणि १८६३ मध्ये नदीच्या पुरात त्यांचा अंत झाल्यानंतर रिचर्ड टेंपल यांनी ती टिपणे १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. चांदा शहरात त्याच शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीने, म्हणजे बिशपांच्या अधिकाराखाली चालणाऱ्या अँग्लिकन परंपरेतील मंडळीने, आपले ठाणे उभारले. तेथील मिशनरी अलेक्झांडर वूड यांनी १९०६ मध्ये या कामावर पुस्तक लिहिले आणि पुढे १९२६ ते १९३६ या काळात ते नागपूरचे बिशप होते. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोदावरी व प्राणहितेच्या संगमाजवळच्या सिरोंचात, अमेरिकन मेथडिस्टांनी तेलुगू बोलणाऱ्या वस्त्यांत काम केले. या सर्वांचे धर्मशास्त्र सारखे नव्हते, पण बाप्तिस्म्यापूर्वी प्रत्येक दीक्षार्थ्याची, म्हणजे दीक्षेच्या शिकवणीत असलेल्या माणसाची, पारख करण्याची रीत बहुतेकांत होती.

ही पारख कशाची, या प्रश्नापाशी मराठी ख्रिस्ती इतिहासातील एक खोल अडचण उघड होते. प्रोटेस्टंट परंपरेचा पाया असलेला सिद्धांत श्रद्धेने नीतिमान ठरण्याचा आहे: माणूस आपल्या पुण्याईने देवापुढे उभा राहू शकत नाही, ख्रिस्ताने केलेल्या कार्यावर विसंबूनच तो स्वीकारला जातो. मार्टिन लूथर यांनी १५१५-१६ मध्ये रोमकरांस पत्रावर व्याख्याने देताना पापाचे वर्णन स्वतःतच वळून बसलेले मन असे केले होते, आणि असे मन देवाच्या गोष्टींतही स्वतःलाच शोधते असे त्यांचे म्हणणे होते. परंतु मिशनच्या शाळेत नव्याने आलेल्या माणसाला आपले परिवर्तन खरे आहे हे दाखवून द्यावे लागे. पश्चात्ताप पुरेसा झाला का, जुन्या चालीरीती सुटल्या का, मनाला खात्री वाटते का, हे त्याला पुनःपुन्हा तपासावे लागे. ज्या सिद्धांताने माणसाची नजर स्वतःवरून उचलून ख्रिस्ताकडे लावायची, त्याच सिद्धांताच्या नावाने ती नजर पुन्हा स्वतःकडे वळवली जात होती. हा दोष कोणा एका मिशनचा मानता येणार नाही; नव्या समाजाला आपल्या सीमा आखाव्या लागतात, आणि सीमा आखताना माणसे मोजावी लागतात.

या अडचणीचा सर्वांत कठोर अनुभव ज्यांनी घेतला ते नीळकंठशास्त्री गोऱ्हे होत. १८२५ मध्ये जन्मलेले व काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित प्रथम ख्रिस्ती मताचे खंडन करणारे होते, आणि ख्रिस्ती मत मांडणाऱ्या जॉन म्यूर यांच्या संस्कृत ग्रंथाला त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हे संस्कृत उत्तरही लिहिले होते. वाद घालताना प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकण्याची सवय त्यांना होती आणि त्या सवयीनेच ते पलीकडे गेले. मार्च १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हे नाव स्वीकारले. त्यासाठी घर, प्रतिष्ठा आणि आप्तजन त्यांना सोडावे लागले, तरीही शंका सुटल्या नाहीत. षड्दर्शनांचे खंडन करणारा त्यांचा हिंदी ग्रंथ पुढे इंग्रजीत गेला, त्यांना पुरोहितपद मिळाले, पुण्या-मुंबईत काम करणाऱ्या काउली फादर्स या अँग्लिकन साधुसंघात त्यांनी प्रवेश घेतला. पण आपण पात्र नाही या जाणिवेने त्या संघाची अंतिम व्रते त्यांनी कधीच घेतली नाहीत. बुद्धीने जिंकलेला विश्वास बुद्धीनेच रोज राखावा लागतो, आणि ती राखण माणसाला झोपू देत नाही. गोऱ्हे यांची साधी राहणी, कडक उपास आणि विद्वत्ता यांबद्दल त्यांच्या विरोधकांनाही आदर होता, मात्र १८९५ मध्ये मुंबईत देह ठेवीपर्यंत त्यांचे अंतःकरण स्वतःच्या तपासणीतून मोकळे झाले असे म्हणवत नाही. त्यांची कन्या एलन लक्ष्मी गोऱ्हे यांनी १८८३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या कवितांपैकी एक भजन जगभरच्या मंडळ्यांत गायले गेले, आणि त्या भजनाचा विषय देवाच्या सान्निध्यातील गुप्त आश्रय व तेथे जिवाला मिळणारी विश्रांती हा आहे. एकाच घरात बापाच्या वाट्याला शोध आला आणि लेकीच्या वाट्याला विसावा.

गोऱ्हे यांच्या लेखनाचा ज्यांच्यावर निर्णायक परिणाम झाला त्या पंडिता रमाबाईंच्या जीवनात हा प्रश्न सुटताना दिसतो, आणि म्हणून मराठी ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात त्यांच्या १८८३ ते १८९१ या आठ वर्षांकडे जितके लक्ष द्यावे तितके थोडेच आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर ज्या भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला होता त्याच्याशीच त्यांचा दीर्घ वाद चालला: त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हा एकच देव असल्याची शिकवण, त्या समजल्याशिवाय मान्य करीनात, क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्या विचारीत, मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही. या आग्रहाकडे स्वाभिमान म्हणून पाहिले गेले आहे, आणि तो होताच. पण तो त्यांच्या दुःखाचा पूर्ण हिशेब देत नाही. रमाबाईंनी पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मसाक्षीत स्वतःच सांगितले की त्या वर्षांत त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता. निरनिराळ्या पंथांनी त्यांच्यापुढे निरनिराळ्या अटी ठेवल्या होत्या, आणि त्या पूर्ण करण्याच्या धडपडीत आपण खऱ्या ख्रिस्ती आहोत की नाही याचा निर्णय त्यांना रोज स्वतःच द्यावा लागत होता.

मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन सुरू करून, पुढल्या वर्षी ते पुण्यास हलवल्यानंतर १८९१ च्या सुमारास त्यांनी विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचले. अनेक वर्षे इतरांना उपदेश केल्यानंतर या माणसाला तारणाचा अनुभव आपल्याला आलेलाच नाही हे कळले होते. रमाबाईंनी आपल्या स्थितीचे नाव त्यात वाचले. त्यांच्या साक्षीतला हा भाग कोणत्याही चमत्काराशिवाय लिहिलेला आहे: देवाने दिलेले दान दान म्हणून घेण्याऐवजी आपण ते कमावत होतो हे त्यांच्या ध्यानी आले, आणि ओझे उतरले. उतरलेल्या ओझ्याचा परिणाम पुढील कृतीत दिसतो, तोही सुखाच्या काळात नव्हे. १८९३ मध्ये शारदा सदनात धर्मांतराचा प्रयत्न होतो असा गदारोळ उठला, ‘केसरी’ने कडक टीका केली, सुधारक रानडे व भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. आठ वर्षांपूर्वी आपल्या श्रद्धेच्या प्रत्येक कलमावर स्वतःशी भांडणारी बाई या वादळात आपल्या ओळखीचा खुलासा करीत बसली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात, म्हणजे ज्या प्रांतात चांदा जिल्हाही होता त्या प्रांतात गेली आणि तेथून सुमारे ३०० निराधार स्त्रिया व मुली आणून तिने पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभारले. १८७० च्या दशकातील दुष्काळात स्वतःचे आईवडील गमावलेल्या या स्त्रीला भुकेची ओळख पटवून द्यावी लागत नव्हती. १९०५ मध्ये केडगावला जी मोठी आध्यात्मिक जागृती झाली तिची चर्चा पुष्कळ होते. पण रमाबाईंचा विसावा त्या भावनेच्या लाटेवर उभा नव्हता, तो चौदा वर्षे जुना होता.

दुष्काळाने चांद्याच्या मुलखातही मिशनांच्या दारी अनाथ मुले आणली, आणि १८९९-१९०० चा दुष्काळ संपेपर्यंत मध्य प्रांतभर अनाथालये भरली होती. या मुलांना ख्रिस्ती नाव मिळाले, शिक्षण मिळाले, आवारात घर मिळाले. सगा, जात आणि गाव मात्र मागे राहिले. त्यांच्यासाठी ख्रिस्ती असणे हा शोधाचा विषय नव्हता, कारण त्यांना दुसरी ओळखच उरली नव्हती. अशा माणसांनी रचलेली मंडळी श्रद्धेत विसावली की मिशनच्या आवारात, हा प्रश्न इतिहासकाराने टाळू नये, कारण उत्तर दोन्ही बाजूंनी येते: आवार सुरक्षित होते म्हणून काहींची श्रद्धा तेथेच थांबली, आणि आवार सोडून शिक्षिका, परिचारिका किंवा गावोगाव फिरणारी बायबल-बाई म्हणून गेलेल्यांनी ती रानात नेली.

मिशनच्या पगाराशी बांधलेली ओळख मोडण्याचा प्रयत्न मराठीत सर्वांत ठळकपणे नारायण वामन टिळक यांनी केला. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काम करणारे आणि स्वतःचा नवा धर्म स्थापण्याचा विचार बाळगणारे टिळक नागपूर-राजनांदगाव आगगाडीच्या प्रवासात फ्री मेथडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड यांना भेटले आणि त्यांच्याकडून नवा करार घेऊन वाचू लागले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो ही त्यांची भूमिका प्रसिद्ध आहे, आणि शरणागतीची ती वाट वारकऱ्यांच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मळलेली असल्याने त्यांच्या भजनांना मराठी मंडळ्यांनी आपले मानले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाल्यामुळे तो प्रयोग वाढला नाही.

स्वातंत्र्यानंतर चांद्यात ओळखीचा प्रश्न सरकारी कागदावर आला. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० नुसार ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, तर अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. त्यामुळे एकाच गावातील ख्रिस्ती गोंड आणि ख्रिस्ती महार यांच्यावर श्रद्धेचा कायदेशीर परिणाम वेगवेगळा होतो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली आणि जिल्ह्यातील फार मोठ्या समाजाला नवी ओळख लाभली. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० मध्ये मिळाला. कॅथलिक बाजूने १९६२ मध्ये केरळच्या सीरो-मलबार मंडळीकडे, म्हणजे संत थॉमसची परंपरा सांगणाऱ्या व रोमशी संलग्न असलेल्या पूर्वेकडील मंडळीकडे, चांद्याचे क्षेत्र सोपवले गेले. १९७७ मध्ये ते धर्मप्रांत झाले व त्याचे मुख्य ठाणे पोंभुर्ण्याच्या शेजारील बल्लारपूर येथे आहे. अँग्लिकन मंडळी १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली.

गोऱ्हे, रमाबाई आणि टिळक यांचे अंतरंग आज वाचता येते, कारण ते तिघेही लिहिणारे होते आणि त्यांच्याविषयी इतरांनीही लिहिले. वैनगंगेकाठच्या छोट्या मंडळ्यांतील माणसे बहुधा लिहिणारी नव्हती. त्यांच्याविषयी बाप्तिस्म्याच्या वह्यांत नाव, वय आणि तारीख एवढेच सापडते, आणि त्या तारखेनंतर कोणाला विसावा मिळाला हे त्या वह्या सांगत नाहीत. ज्या घरांत आजी-आजोबांच्या तोंडी मिशनच्या शाळांच्या, दुष्काळाच्या किंवा पहिल्या बाप्तिस्म्याच्या आठवणी अजून आहेत, त्या घरांनी आणि चंद्रपूर, मूल, बल्लारपूर, सिरोंचा येथील मंडळ्यांनी त्या आता लिहून ठेवाव्यात, आणि लिहिताना कोण कधी ख्रिस्ती झाले एवढ्यावरच न थांबता त्यानंतर ते कशावर विसंबून जगले हेही विचारावे.