आलयविज्ञान

बौद्ध दर्शनाच्या योगाचार शाखेने मानलेल्या आठ विज्ञानांपैकी शेवटचे व सर्वांत खोल विज्ञान. पाच इंद्रियविज्ञाने, मनोविज्ञान आणि ‘मी’पणाला चिकटून राहणारे क्लिष्ट मन यांच्या तळाशी ते अखंड वाहत असते, असे असंग व वसुबंधू या गांधारदेशीय बंधूंनी (इ. स. चौथे–पाचवे शतक) प्रतिपादिले. ‘आलय’ म्हणजे साठवणीचे स्थान. ‘हिमालय’ या नावात तोच शब्द आहे. प्रत्येक कर्म येथे बीज टाकून जाते, आणि फुलांत ठेवलेले तीळ घाण्यात गाळले असता, फुले केव्हाच सुकून गेलेली असली तरी तेलाला जसा त्यांचा सुवास येतो, तशी ही वासना (कर्माचा मागे उरलेला संस्कार), कर्त्याला तिचा मागमूस नसतानाही, पुढील अनुभवाला आपला रंग देते.

फ्रॉइडच्या अबोध मनाशी याची तुलना वारंवार केली जाते व ती प्रथमदर्शनी पटतेही. परंतु फ्रॉइडचे अबोध मुख्यतः दमनातून घडते, तर आलयाच्या दप्तरी प्रत्येक कुशल-अकुशल कृतीचा, किंबहुना पूर्वजन्मींच्या कर्मांचाही दाखला असतो. युंगचे सामूहिक अबोध अधिक जवळचे वाटते खरे, तथापि आलय हे प्रत्येक प्राण्याच्या चित्तसंतानाचे (चित्तप्रवाहाचे) निरनिराळे असते. खरा भेद साध्यात आहे: मनोविश्लेषणाला रुग्ण संसारात नांदता करावयाचा असतो, योगाचाराला ‘आश्रयपरावृत्ती’, म्हणजे या कोठाराचेच आमूलाग्र परिवर्तन, हवे असते, ही तफावत विसरून मांडलेले समीकरण दोन्ही शास्त्रांवर अन्याय करणारे आहे. आलयविज्ञानाचे विवेचन करणाऱ्या वसुबंधूच्या ‘त्रिंशिका’ या ग्रंथाचा मूळ संस्कृत पाठ सिल्व्हाँ लेव्ही यांनी नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून १९२५ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध केला.