प्रीमियर पद्मिनीची ऑटोक्रॉससाठी पुनर्बांधणी

प्रीमियर पद्मिनी ही मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी चारचाकी प्रवासी मोटार. तिचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला असला, तरी महाराष्ट्रात काही हौशी मालकांनी ती चालती ठेवली आहे. अशी मोटार रोज रस्त्यावर वापरता यावी आणि प्रसंगी ऑटोक्रॉस या वेळेविरुद्धच्या स्पर्धेतही उतरवता यावी, अशा दुहेरी हेतूने तिची दुरुस्ती व सुधारणा केली जाते. अमेरिकेत 'मसल कार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या मोटारींवर याच हेतूने होणाऱ्या कामाशी तिचे जवळचे नाते आहे. फरक एवढाच, की तेथे अफाट शक्तीला वळणावर ताब्यात ठेवायचे असते, तर पद्मिनीत तुटपुंज्या शक्तीचा प्रत्येक अंश कारणी लावायचा असतो.

पार्श्वभूमी

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या सांगाड्यात मोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसवलेली मोटार. १९६४ ची पाँटिॲक जीटीओ हे या वर्गाचे ठळक उदाहरण होय. तिचे ६.४ लिटरचे इंजिन, त्या काळच्या ढोबळ मापनपद्धतीनुसार, ३२५ अश्वशक्ती देत असे. या मोटारी पाव मैलाच्या सरळ शर्यतीत सरस ठरत. वळणे घेणे आणि थांबणे यांत मात्र त्या कच्च्या होत्या. वाढते विमा हप्ते, प्रदूषणाचे नियम आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे त्यांचा काळ सरला. पुढील पिढीतील हौशी लोकांनी जुने बाह्यरूप कायम ठेवून आतील ब्रेक, सस्पेन्शन आणि टायर आधुनिक करण्याची पद्धत रूढ केली.

भारतात परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवरील निर्बंध यांमुळे त्या काळात अशा मोटारी फारशा आल्याच नाहीत. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात प्रारंभी अमेरिकेतील क्रायस्लर समूहाच्या गाड्या जोडल्या जात, हा एक गमतीचा योगायोग म्हणावा लागेल. कारण मसल कारच्या बाजारात पुढे क्रायस्लरचेही मोठे नाव झाले. कुर्ल्याने मात्र इटलीच्या फियाटची वाट धरली. फियाट ११०० च्या विविध आवृत्त्यांनंतर १९७४ पासून हीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली, तरी लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ती देशभर ओळखीची झाली. मुंबईत टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही सेवेतून गेली.

शर्यतीचे मैदान या गाडीला नवे नाही. चेन्नईजवळील शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींत सुधारित फियाट गाड्या अनेक वर्षे धावत होत्या.

ऑटोक्रॉस

ऑटोक्रॉसमध्ये आखून दिलेल्या छोट्या, वळणावळणांच्या मार्गावर कमीत कमी वेळात फेरी पूर्ण करायची असते. अमेरिकेत ही स्पर्धा डांबरी किंवा काँक्रीटच्या पटांगणावर रबरी शंकू मांडून घेतली जाते. भारतात मात्र ऑटोक्रॉस म्हटले की सामान्यतः माती-मुरुमाचा मार्ग अभिप्रेत असतो, आणि शंकूंच्या डांबरी स्पर्धेला 'स्लॅलम' म्हणतात. पुनर्बांधणी करताना हा भेद आधीच लक्षात घ्यावा लागतो. शंकूंच्या मार्गासाठी गाडी खाली बसवणे आणि सस्पेन्शन कडक करणे लाभाचे असते. मुरुमावर तेच बदल चाकांचा जमिनीवरील पकडीचा वेळ कमी करतात. खड्डे आणि गतिरोधक यांनी भरलेला रोजचा रस्ताही मुरुमाच्या मार्गालाच अधिक जवळचा आहे. त्यामुळे दोन्ही वापरांची गरज भारतात अमेरिकेपेक्षा कमी परस्परविरोधी ठरते.

मार्गावर बहुतेक वेळ गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असते. कमाल वेगाला तेथे किंमत नसते. ब्रेक लावताच गाडी किती लवकर सावरते आणि वळणातून बाहेर पडताना मागची चाके किती पकड धरतात, यावर सेकंद ठरतात.

पत्रा आणि सांगाडा

पद्मिनीला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. म्हणून गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. दारांखालचे उंबरे, पायाखालची फरशी, जॅक लावण्याच्या जागा आणि मागच्या पाट्यांची टोके जेथे बसतात ते भाग कुजले असतील, तर वळणावर पेटीच पिळवटते आणि सस्पेन्शनवर केलेला खर्च वाया जातो. समुद्राजवळ वापरलेल्या गाड्यांत हे प्रमाण जास्त आढळते. रंगाखाली जाड पुटी भरून लपवलेला गंज ओळखण्यासाठी लोहचुंबक फिरवून पाहण्याची साधी युक्ती प्रचलित आहे; पुटीवर चुंबक धरत नाही. कुजलेला भाग कापून त्याच जाडीचा नवा पत्रा जोडणे हाच योग्य उपाय होय. वर ठिगळ लावले तर दोन पत्र्यांमध्ये पाणी साचते आणि गंज आतून पुढे सरकतो.

बहुसंख्य मालक इंजिनापासून काम सुरू करतात, कारण त्याचा परिणाम लगेच ऐकू येतो. हा क्रम उलटा आहे. आधी सांगाडा, मग ब्रेक, मग सस्पेन्शन आणि शेवटी इंजिन, अशा क्रमाने केलेली गाडी कोणत्याही टप्प्यावर काम थांबले तरी रस्त्यावर सुरक्षित राहते.

ब्रेक

मूळ पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ब्रेकने पचवायची उष्णता चौपट होते. ड्रममध्ये ही उष्णता कोंडली जाते. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनिंगची पकड कमी होते आणि पेडल खोल जाऊ लागते. शहरातील वापरात हे क्वचितच जाणवते, परंतु ऑटोक्रॉसच्या लागोपाठच्या फेऱ्यांत हमखास जाणवते. त्यामुळे पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवणे हा या पुनर्बांधणीतील सर्वांत उपयुक्त बदल मानावा लागेल. त्यासाठी त्याच कंपनीच्या ११८ एनई या गाडीचे किंवा अन्य नव्या गाड्यांचे भाग जुळवून घेतले जातात.

जुन्या मॉडेलांत चारही चाकांच्या ब्रेकना एकच हायड्रॉलिक मार्ग असतो. एका चाकाची नळी फुटली तरी सर्व ब्रेक जातात. रोज चालवायच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळा मार्ग देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे, हे डिस्कइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे काम आहे.

सस्पेन्शन, टायर आणि आसन

पद्मिनीच्या पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंगचे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तर मागे अखंड ॲक्सल पाट्यांवर बसवलेला आहे. पुढच्या भागातील किंगपिन आणि बुश यांना नियमित ग्रीस लागते. ते न दिल्यास सांध्यांत खेळ निर्माण होतो आणि चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. नवे महागडे शॉक ॲब्सॉर्बर घेण्यापूर्वी किंगपिन, बुश आणि स्टिअरिंग बॉक्समधील खेळ काढला, तर गाडीच्या वागण्यात त्याहून मोठा फरक पडतो. मागच्या बाजूला थकून सपाट झालेल्या पाट्या पुन्हा 'चढवून' घेण्याची कला ट्रक-ट्रॅक्टरच्या कारागिरांकडे आजही आहे. जादा पाटी घालून मागचा भाग कडक केला, तर मुरुमावर ॲक्सल उड्या मारू लागतो. म्हणून मूळ पाट्यांची ताकद परत आणून शॉक ॲब्सॉर्बर सुधारणे इष्ट.

जुन्या क्रॉसप्लाय टायरऐवजी रेडियल टायर लावल्यास पकड सुधारते, मात्र रुंदीचा मोह टाळावा लागतो. फार रुंद टायरने स्टिअरिंग जड होते, चाक कमानीला घासते आणि आधीच कमी असलेल्या शक्तीवर भार पडतो.

पुढचे सोफ्यासारखे सलग आसन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ही पद्मिनीची ओळख आहे. कुटुंबासाठी ते सोयीचे असले, तरी वळणावर चालक त्या आसनावरून घसरतो आणि तोल सांभाळण्यासाठी स्टिअरिंगलाच धरून राहतो. कडेने आधार देणारे स्वतंत्र आसन आणि तीन टोकांचा पट्टा येथे आवश्यक ठरतो. पट्ट्याचे बोल्ट नुसत्या पत्र्यात बसवून चालत नाहीत. मागून पोलादी पट्टी जोडून तो भाग भक्कम करावा लागतो.

इंजिन

१,०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे मूळ इंजिन सुमारे ४० अश्वशक्ती देते. रोजच्या वापरासाठी ते पुरेसे आहे. सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन-रिंग बसवणे, क्रँक घासून घेणे आणि व्हॉल्व्ह नीट बसवणे एवढ्याने ते मूळ ताकदीला येते. ११८ एनईमधील निस्सानचे १,१७१ घनसेंटिमीटरचे इंजिन त्याच्या गिअरबॉक्ससह बसवण्याची प्रथा हौशी वर्तुळात जुनी आहे. पद्मिनीच्या शेवटच्या एस-१ आवृत्तीत कंपनीनेच जमिनीवरील गिअरचा दांडा दिला होता.

वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधील वॉशर लवकर खराब होतात. ते इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारचे घ्यावे लागतात, आणि मिश्रण पातळ होत असल्याने कार्बोरेटरचे जेटही तपासावे लागतात.

ग्रामीण विदर्भातील वापर

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावी अशी गाडी रोज चालवायची, तर अडचणी मुंबई-पुण्याहून वेगळ्या असतात. सुटे भाग मुंबईतील कुर्ल्याच्या भंगारबाजारातून किंवा तशाच मोठ्या शहरांतून मागवावे लागतात. उलट लेथ, वेल्डिंग, पाट्या आणि बोअरिंगची कामे ट्रॅक्टरमुळे तालुक्याच्या गावीही होतात, आणि तेथील कारागिरांना कार्बोरेटरपेक्षा पाट्यांची जाण अधिक असते. उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पंप अडणे, हा फियाटचा जुना दोष अशा वेळी उफाळतो. पंपावर ओले फडके ठेवण्याचा उपाय जुन्या चालकांना परिचित आहे. साफ केलेला रेडिएटर, विजेवरचा पंखा आणि टाकीजवळ बसवलेला विद्युत पंप हा टिकाऊ उपाय होय.

काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून टणक होते आणि पहिल्या पावसात चाकांना चिकटून कमानी भरून टाकते. त्यामुळे सरावासाठी शेतापेक्षा मुरुमाचे पटांगण बरे, आणि तेही पावसाळ्यापूर्वी.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील उत्पादकाचे मूळ तपशील बदलतील असे फेरबदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. झिजलेले भाग बदलणे ही दुरुस्ती होय, परंतु वेगळ्या जातीचे इंजिन बसवणे हा फेरबदल ठरतो. परवानगीशिवाय असे इंजिन असलेली गाडी तपासणीत अडकू शकते, आणि निस्सान इंजिनाचा मोह पडलेल्या मालकांची कोंडी येथेच होते.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. वाशीम जिल्ह्यातील एमएच-३७ क्रमांकाच्या गाड्यांना त्यासाठी वाशीमच्या परिवहन कार्यालयात प्रत्यक्ष तपासणी द्यावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले होते. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' मालिकेची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तिला मूळ रूप जपण्याची अट आहे आणि त्या गाडीचा नियमित वापर करता येत नाही. म्हणून रोज चालवायच्या सुधारित पद्मिनीला ती सवलत उपयोगाची नाही.

सर्वसाधारण मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी यांतील नुकसान वगळलेले असते. त्यामुळे ऑटोक्रॉसमध्ये उतरताना पट्टा आणि शिरस्त्राण यांच्या तपासणीबरोबरच आयोजकांनी घेतलेल्या विम्याच्या अटी वाचणे मालकाच्या हिताचे असते. मार्गावर वाकलेला पत्रा एरवी त्याच्याच खर्चाने सरळ होतो.