लाभांशाचा इतिहास आणि 'डिव्हिडंड यील्ड' : आकडे कसे वाचावेत

बँकांच्या मुदत ठेवींवरील व्याजदर घटले की अनेक निवृत्त गुंतवणूकदार नियमित उत्पन्नासाठी लाभांश देणाऱ्या समभागांकडे वळतात. अशा वेळी बहुधा एकच आकडा पाहिला जातो, तो म्हणजे 'डिव्हिडंड यील्ड'. मागील बारा महिन्यांतील प्रति समभाग लाभांशाला आजच्या बाजारभावाने भागून शंभराने गुणले की हा दर मिळतो. या गणितातील लाभांश गतकाळातील असतो, भाव मात्र आजचा. त्यामुळे कंपनीने एक पैसाही अधिक दिला नाही आणि केवळ भाव कोसळला, तरी दर आकर्षक दिसू लागतो.

वेदांता लिमिटेडचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. 2022-23 या आर्थिक वर्षात कंपनीने पाच अंतरिम लाभांश जाहीर केले. त्यांची बेरीज प्रति समभाग 101 रुपये 50 पैसे होती. मार्च 2023 अखेर समभागाचा भाव सुमारे 275 रुपये होता, म्हणजेच दर सुमारे 37 टक्के! कोणतीही ठेव इतके व्याज देत नाही. मात्र त्या वर्षी वाटलेली 37 हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम समूहाच्या एकत्रित निव्वळ नफ्याच्या दुपटीपेक्षा जास्त होती आणि तिचा मोठा वाटा कर्जफेडीसाठी रोकड हवी असलेल्या मूळ कंपनीकडे गेला. पुढील वर्षी लाभांश 29 रुपये 50 पैशांवर आला. ही रक्कमही कमी नव्हे. परंतु 37 टक्के गृहीत धरून घरखर्चाची आखणी करणाऱ्याचे गणित पार कोलमडले असते.

याउलट, लाभांश घटल्याचा केवळ भास होणेही शक्य आहे. इन्फोसिसने 2017-18 साठी प्रति समभाग 43 रुपये 50 पैसे, तर 2018-19 साठी 21 रुपये 50 पैसे लाभांश दिला. आकडे निम्मे झाले, कारण सप्टेंबर 2018 मध्ये कंपनीने एकास एक प्रमाणात बक्षीस समभाग दिले आणि समभागांची संख्या दुप्पट झाली. आधीच्या वर्षाचा आकडा त्यानुसार निम्मा केल्यास तो 21 रुपये 75 पैसे होतो. दोन्ही वर्षांच्या रकमांत विशेष लाभांश होता, अनुक्रमे 10 आणि 4 रुपये. तो वगळून आणि बक्षीस समभागांचे समायोजन करून पाहिले तर नियमित लाभांश 16 रुपये 75 पैशांवरून 17 रुपये 50 पैसे झाला, म्हणजे सुमारे साडेचार टक्क्यांनी वाढला. समभागाचे विभाजन झाले असल्यासही हेच समायोजन करावे लागते.

लाभांशाची टक्केवारी हा गोंधळाचा आणखी एक जुना स्रोत. ही टक्केवारी दर्शनी मूल्यावर काढलेली असते. दहा रुपये दर्शनी मूल्याच्या समभागावर शंभर टक्के लाभांश म्हणजे दहा रुपये. बाजारभाव 500 रुपये असेल तर दर अवघा दोन टक्के. यामुळेच 'सेबी'ने 2009 मध्ये नोंदणीकृत कंपन्यांना लाभांश प्रति समभाग रुपयांतच जाहीर करण्यास सांगितले.

अंतरिम लाभांश संचालक मंडळ जाहीर करते. अंतिम लाभांशाला वार्षिक सर्वसाधारण सभेची संमती लागते. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार कंपन्यांना आपले लाभांश वितरण धोरण संकेतस्थळावर ठेवणे 2021 पासून बंधनकारक आहे. नफ्याचा किती हिस्सा वाटला जाईल, हे त्यात अनेकदा नमूद असते. जुन्या आकड्यांची यादी चाळण्यापूर्वी हे धोरण वाचणे अधिक उपयुक्त.

हाती पडणारी रक्कम कराने कमी होते, हेही लक्षात घ्यावे. 1 एप्रिल 2020 पासून कंपनीवरील लाभांश वितरण कर रद्द झाला असून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो. एका कंपनीकडून वर्षभरात 10 हजार रुपयांहून अधिक लाभांश मिळाल्यास, पॅन नोंदविलेल्या निवासी व्यक्तीच्या रकमेतून 10 टक्के कर आधीच कापला जातो. ही मर्यादा एप्रिल 2025 पूर्वी पाच हजार रुपये होती.

बँक खाते किंवा पत्ता बदलल्याने लाभांश पोहोचला नाही, तर तो सात वर्षे कंपनीच्या वेगळ्या खात्यात राहतो. त्यानंतर ती रक्कम गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होते. सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नसेल तर मूळ समभागही त्या निधीकडे जातात. ते परत मिळविण्यासाठी भागधारकाला किंवा त्याच्या वारसांना 'आयईपीएफ-5' हा अर्ज भरावा लागतो.