दगड बोलतात, पण जागेवर असले तर

गोव्याच्या सहलीला गेलेले आपल्यापैकी बहुतेकजण जुन्या गोव्यातलं बॉम जेझस चर्च बघतात आणि बसमध्ये बसतात. जवळच्याच टेकडीवर लाल जांभ्या दगडाचा एक अर्धवट बुरूज उभा आहे. "तिथं काय, नुसते पडके दगड!" म्हणून तिकडं कोणी फिरकत नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र त्या दगडांचंच मोल जास्त वाटतं.

हे सेंट ऑगस्टीनचं चर्च. ऑगस्टिनियन मिशनरी १५७२ मध्ये गोव्यात आले. १५९७ ते १६०२ या काळात त्यांनी हे चर्च बांधलं. बुरूज ४६ मीटर उंच होता. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं धार्मिक संघ बंद केले आणि चर्च ओस पडलं. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि निम्मा बुरूज. इथली मोठी घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. बाकी राहिला तो ढिगारा.

पण या ढिगाऱ्याची वाट दूर देशातले लोक बघत होते. जॉर्जियाची राणी केतेवान हिनं धर्म बदलायला नकार दिला, म्हणून इराणच्या शाह अब्बासच्या हुकमानं १६२४ मध्ये शिराझ इथं तिला हाल करून मारलं. जॉर्जियात तिला संत मानतात. ऑगस्टिनियन मिशनऱ्यांनी तिच्या अस्थी गुपचूप काढल्या आणि १६२७ मध्ये त्यातला काही भाग गोव्याला आणला. कोणत्या दालनात, कितव्या खिडकीत दगडी पेटी ठेवली, हे जुन्या पोर्तुगीज कागदांत लिहिलेलं होतं. पण खिडकीच पडलेली, मग शोधायचं कुठं?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानं घाई केली नाही. ढिगारा उपसून पाया, भिंती, कबरीचे दगड कागदांशी ताडून पाहिले. दालन ओळखलं आणि अस्थी सापडल्या. त्यांची तपासणी झाली हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेत. १९५६ पर्यंत मानवतकरांची राजधानी असलेलं तेच हैदराबाद! एका हाडाचा डीएनए यू१बी या गटाचा निघाला. २२,००० हून अधिक भारतीयांच्या नमुन्यांत तो गट सापडला नाही. जॉर्जियातल्या ३० पैकी दोघांत सापडला. तिथल्याच दुसऱ्या दोन अस्थींचे गट मात्र आपल्याकडचे निघाले. जुलै २०२१ मध्ये भारतानं राणीच्या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला दिला.

विचार करा, कुणी ते दगड बांधकामाला उचलून नेले असते, तर कागद होते, प्रयोगशाळा होती, पण जागा कुठून कळली असती?

आपल्या जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला जुनी मंदिरं आणि कोरीव स्तंभ आहेत. गावोगाव पारावर, विहिरीजवळ भग्न मूर्ती, वीरगळ पडलेले असतात. कुणी ते पायरीला लावतं, कुणी ऑईलपेंट फासतं. हेतू चांगला असतो, पण खूण पुसली जाते.

म्हणून माझी सोसायटीतल्या सगळ्यांना विनंती आहे. सुट्टीत गावी गेलात की मुलांना असे दगड दाखवा. फोटो काढा, मापं घ्या, जागा वहीत लिहा. शेतात, पायाच्या खोदकामात काही निघालं, तर हलवू नका. तहसील कार्यालयाला कळवा. वही साधी असली तरी चालेल. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी अशीच नोंद केली, म्हणून एका देशाला आपली राणी परत मिळाली.