१० सप्टेंबर : उसाच्या फडात अडकले पॅटन

दुसऱ्या महायुद्धात गाजलेले अमेरिकी सेनानी जॉर्ज पॅटन यांचे नाव ज्या रणगाड्याला मिळाले, त्याची मस्ती १० सप्टेंबर १९६५ रोजी पंजाबात उतरली. खेमकरणजवळच्या असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन चालून आले, तेव्हा समोर उभ्या असलेल्या भारतीय दलांत 'डेक्कन हॉर्स' ही रणगाडा रेजिमेंटही होती. तिचे कमांडर होते अलिबागचे लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य.

वैद्यांकडचे शर्मन रणगाडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, पॅटनपेक्षा जुने. पण भारतीयांनी जागा अचूक हेरली. शेतांत पाणी सोडून चिखल केला आणि तोफा उसात दडवल्या. वाढलेल्या उसात चार हातांवरचे दिसत नाही, हे माळशिरस-अकलूजच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पॅटन चिखलात रुतले आणि भारतीय तोफांच्या तोंडी सापडले. याच रणात त्या दिवशी भारतीय सैनिक अब्दुल हमीद यांना वीरमरण आले. नंतर जवळच्या भिखीविंडला ताब्यात आलेले रणगाडे उभे केले गेले, ते ठिकाण पॅटननगर म्हणून ओळखले गेले.

वैद्यांना महावीरचक्र मिळाले. १९७१मध्ये बसंतर नदीच्या परिसरात, भूसुरुंगांनी भरलेल्या पट्ट्यातून त्यांनी आपली चिलखती ब्रिगेड पुढे नेली आणि तेच पदक दुसऱ्यांदा पटकावले. असा मान फार थोड्यांच्या वाट्याला आला आहे.

१९८३मध्ये ते लष्करप्रमुख झाले. 'ऑपरेशन ब्लू स्टार' ही लष्करी कारवाई त्यांच्याच कारकिर्दीतली. निवृत्तीनंतर काही महिन्यांतच, १० ऑगस्ट १९८६ रोजी, ते पुण्यात मोटार चालवत घरी परतत असताना, त्या कारवाईचा सूड म्हणून अतिरेक्यांनी त्यांची हत्या केली.