जेम्स, याकूब, सिकंदर

दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळ सेंट जेम्स चर्च आहे. घुमटाची ही वास्तू १८३६ साली पूर्ण झाली. आत वेदीसमोर ती बांधवून घेणाऱ्या कर्नल जेम्स स्किनरची संगमरवरी कबर आहे. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला हा स्किनर परका नाही. वडील स्कॉटिश आणि आई राजपूत असलेला हा मुलगा ऐन तारुण्यात शिंद्यांच्या फौजेत शिरला. १८०० साली उणियाऱ्याच्या लढाईत तो जखमी होऊन रणातच पडून राहिला. जगलो तर चर्च बांधीन, हा त्याचा नवस तेव्हाचा.

मी त्या कबरीपाशी गेलो तो नावाच्या मागावर. जेम्स हे नाव इंग्रजांचे वाटते, पण ते मूळचे हिब्रू ‘याकोव’. ग्रीकमध्ये त्याचे ‘याकोबोस’ झाले आणि लॅटिनमध्ये ‘याकोबुस’. पुढे बोलीत ‘ब’चा ‘म’ झाला, तो फ्रेंचमार्गे इंग्लंडात पोहोचला. ‘जेकब’ याच नावाचा भाऊ. गोव्यातल्या ‘सांतियागो’तही हाच संत लपला आहे. अर्थ सांगतात तो ‘टाच धरणारा’. बायबलमधला याकोब जुळ्या भावाची, एसावाची, टाच धरून जन्मला. पुढे त्याने थोरल्याचा हक्कही बळकावला, म्हणून ‘दुसऱ्याची जागा घेणारा’ असाही अर्थ निघाला.

स्किनरला मात्र कुणाचीच जागा धड मिळाली नाही. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध पेटताच शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने त्याला इंग्रजी रक्ताचा म्हणून काढून टाकले. इकडे कंपनीचा १७९५चा नियम असा, की आई-वडील दोघेही युरोपीय नसतील त्याला अधिकारी नेमायचे नाही. अखेर लॉर्ड लेकने त्याला घोडदळ दिले, ते फौजेच्या नेहमीच्या चौकटीबाहेरचे. शिंद्यांविरुद्ध लढणार नाही, ही अट त्याने घातली होती. बडतर्फ केलेल्या धन्याबद्दलची ही निष्ठा मला त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठी वाटते.

त्याचे शिपाई त्याला सिकंदरसाहेब म्हणत. ‘स्किनर’ म्हणजे कातडी सोलणारा. त्यांच्या जिभेवर तो थेट बादशहा झाला! (सिकंदर तरी कुठे धड? ‘अलेक्झांडर’मधला ‘अल्’ अरबांनी आपले उपपद समजून वेगळा काढला, ‘क्स’चा ‘स्क’ केला आणि इस्कंदर घडवला.) गंमत अशी, की जेम्सला दिल्लीत नवे नाव शोधायची गरजच नव्हती. याकूब हे नाव इथे शतकानुशतके घरोघरी होते. पण मधल्या ‘म’ने ओळख पुसली होती.

मराठी बायबलने मात्र ती ओळख धरून ठेवली आहे. इंग्रजीत ज्याला जेम्सचे पत्र म्हणतात, ते आपल्याकडे ‘याकोबाचे पत्र’ आहे. त्या दिवशी कबरीपुढे उभा राहून मी मनातल्या मनात त्याला याकूबसाहेब म्हणून पाहिले.